ओव्हरलॉकचं मशीन घेण्याआधी

मागच्या वेळी ब्लाउजच्या कटिंगवर बोलणं झालं. त्यानंतर जे फोन आले, त्यातल्या निम्म्यांना कटिंगचं काही विचारायचंच नव्हतं. "ताई, ओव्हरलॉकचं मशीन घेऊ का? आणि कोणतं घेऊ?" एवढंच. गटांच्या बैठकीतही हाच विषय निघतो. तेव्हा आज त्यावरच बोलू या. मी मशीनची दुकानदार नाही आणि मेकॅनिकही नाही. पण गटातून कर्ज काढून घेतलेली मशीनं मी दर महिन्याला बघते आणि हप्त्यांची वही माझ्यापुढे असते. कोणतं मशीन कुणाच्या उपयोगी पडलं, हे त्या वहीत दिसतं.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे कुणी ओव्हरलॉक म्हणतं, कुणी इंटरलॉक, आणि कुणी सगळ्यालाच पिको म्हणून मोकळं होतं. साडीच्या पदराला पिको करायचं मशीन वेगळं, ते मनातून बाजूला ठेवा. ओव्हरलॉक काय करतं, तर कापडाची कड पात्याने छाटतं आणि त्याच फेरीत त्या कडेवरून दोरा गुंडाळून ती बांधून टाकतं. मग धुण्याच्या दगडावर कितीही आपटा, दशा सुटत नाहीत. याला बॉबिन नसते. बॉबिनच्या जागी दोन वाकड्या आकड्यांसारखे भाग असतात, एक वरचा आणि एक खालचा. त्यांना लूपर म्हणतात. पाच धाग्यांच्या मशीनमध्ये कडेच्या टाक्याशेजारी साखळी टाक्याची आणखी एक शिवण पडते. बाजारात बऱ्याचदा त्याला इंटरलॉक म्हणतात, पण दुकानदार तीन धाग्यांच्या मशीनलाही इंटरलॉक म्हणून विकतो. म्हणून दुकानात नावावर जाऊ नका. "सुया किती आणि धागे किती?" असं विचारा.

आणखी एक. हे मशीन आल्यावर साधं मशीन विकायचं नाही. चेन लावणं, कॉलर, हुकपट्टी, काज, हे ओव्हरलॉकवर होत नाही. हे साध्या मशीनच्या जोडीला घ्यायचं असतं.

आता कोणतं, याकडे येऊ. एक सुई आणि तीन धागे असलेलं मशीन कड बांधतं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, गाऊन, उशीचे अभ्रे, आपल्या घरी येणारं बहुतेक काम यातच बसतं. दोन सुया आणि चार धागे असले की शिवण आणि कड एकदमच होते, आणि ती शिवण ताणली तरी तुटत नाही. लेगिंग, टी-शर्ट, लहान मुलांचे होजिअरीचे कपडे, यांना हे लागतं. चार धाग्यांच्या मशीनची एक सुई काढून ठेवली की त्यावर तीन धाग्यांचं कामही होतं. पाच धागे म्हणजे कारखान्याचं काम. एकसारख्या पन्नास पँटी शिवायच्या असतील, तेव्हाच त्याचा उपयोग.

यावर कुणी म्हणेल, मग चार धाग्यांचंच घ्यावं, दोन्ही कामं होतील. होतील, पण आपल्या ब्लाउजची गोष्ट जरा वेगळी आहे. ब्लाउजला आपण आत माया सोडतो. गिऱ्हाईक वर्षा-दीड वर्षाने तोच ब्लाउज घेऊन येतं आणि म्हणतं, "दंडाला घट्ट होतोय, एक शिवण उसवून दे." चार धाग्यांनी शिवण आणि कड एकत्र मारली, तर कड शिवणीला चिकटून येते आणि माया पात्याखाली कापली जाते. मग उसवायला काही उरत नाही. पैठणीच्या ब्लाउजचं असं झालं, तर त्या बाईला काय तोंड दाखवाल? म्हणून ब्लाउजला आधी सुटे भाग ओव्हरलॉक करून घ्यायचे, पात्याने नुसत्या दशा जातील एवढंच छाटायचं, आणि मग साध्या मशीनवर माया ठेवून शिवायचं. हे काम तीन धाग्यांचं आहे. ज्यांच्याकडे आठवड्याला वीस ब्लाउज आणि महिन्यातून एखादी लेगिंग येते, त्यांनी त्या एका लेगिंगसाठी दुसऱ्या सुईचे पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनचे प्रकार बाजारात मुख्यतः तीन दिसतात. पहिलं छोटं लोखंडी, तीन धाग्यांचं. ते पायाच्या स्टँडवर बसतं किंवा लहान मोटरवर चालतं. दिसायला ओबडधोबड, आवाजही करतं, पण लाइट गेली तरी पायाने चालवता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटचा काय भरवसा असतो, ते मी सांगायला नको. दुसरं घरगुती, मोटर आतच असलेलं, टेबलावर ठेवायचं आणि काम झालं की उचलून कपाटात टाकायचं. त्यात बहुतेक तीन आणि चार धाग्यांची सोय असते. तिसरं कारखान्याचं. त्याला स्वतःचं टेबल, खाली मोठी मोटर आणि आत तेलाची टाकी असते. त्याचा वेग मिनिटाला पाच-सहा हजार टाक्यांपर्यंत जातो. एका खोलीच्या घरात ते ठेवलं, की रात्री मुलांचं अंथरूण कुठे घालायचं हा प्रश्न पडतो. ते घ्यायचंच असेल, तर जुन्या क्लच मोटरऐवजी सर्व्हो मोटर मागा. क्लच मोटर बटण दाबल्यापासून फिरतच राहते, तुम्ही शिवा नाहीतर चहा प्या. सर्व्हो पाय दाबला की फिरते. फरक लाइट बिलात दिसतो.

आता वहीतला हिशोब सांगते. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून आकडे समजण्यापुरते धरा. समजा, मशीन ९,००० रुपयांचं आहे आणि गटातून शेकडा दोन रुपये महिना दराने दहा महिन्यांसाठी कर्ज घेतलं. दर महिन्याला मुद्दल ९०० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज १८० रुपये, पुढे ते उतरत जातं. दहा महिन्यांचं मिळून व्याज ९९० रुपये. पहिला हप्ता १,०८० रुपयांचा. आता कमाई. दुकानात ओव्हरलॉक करून आणायला एका नगाला १० रुपये पडतात असं धरू. घरी केलं तर दोरा आणि लाइट जाऊन ८ रुपये वाचतात. दिवसाला चार नग आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ८०० रुपये. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस वाचला तो वेगळा. म्हणजे हप्ता जवळजवळ मशीनच भरतं, थोडी भर आपली.

हाच हिशोब २७,००० च्या मशीनला लावा. पहिला हप्ता ३,२४० रुपये. आठ रुपयांनी भागा. महिन्याला ४०५ नग, म्हणजे दिवसाला सोळा. सोळा नगांचं काम तुमच्या दारात येतं का? शेजारणींचं धरून येतं का? येत असेल तर खुशाल घ्या, मी अडवणार नाही. पण हे उत्तर दुकानात उभं राहून द्यायचं नाही. आधी घरी महिनाभर वहीत लिहा. आज किती नग आले, त्यातले सुती किती, होजिअरी किती. महिन्याने ती वही उघडा आणि मगच दुकानाची पायरी चढा.

हे मी एवढं ताणून सांगते, कारण आमच्या एका गटातल्या ताईचं डोळ्यांसमोर झालं. नवरा नाही, दोन मुली शाळेत. हात अतिशय चांगला, गळ्याला तिच्यासारखी पायपिंग कुणी करत नाही. दुकानदाराने सांगितलं, "घ्यायचं तर मोठंच घ्या, पुढे काम वाढेल." तिने पाच धाग्यांचं, टेबल-मोटरसकट घेतलं, दुकानाच्याच हप्त्यावर. मशीनमध्ये काही खोट नव्हती. पण तिच्याकडे यायचे दिवसाला चार-पाच ब्लाउज, आणि त्यांना पाच धाग्यांची गरज नव्हती. हप्ता तर भरायलाच हवा. मग ती खुरपणीला आणि कांदा लावायला जाऊ लागली. दिवसभर शेतात, त्यामुळे ब्लाउज वेळेवर मिळेनात, गिऱ्हाईक तुटायला लागलं. मशीनमुळे काम वाढायचं, ते मशीनमुळेच कमी झालं. शेवटी मशीन निम्म्या किमतीला विकलं. आज ती छोट्या तीन धाग्यांच्या मशीनवर काम करते आणि तिची गिऱ्हाइकं परत आली आहेत. मोठी मुलगी आता कड मारून देते.

मोठ्या ऑर्डरच्या भरवशावरही जपून. २०२४ साली सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई बचत गटांकडे द्यायचं ठरलं, तेव्हा गावोगावी मशीनं घ्यायची घाई झाली. पुढच्या शैक्षणिक वर्षापासून गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. ऑर्डर आली तर आनंदच आहे, पण एका हंगामासाठी मशीन भाड्याने घ्या, किंवा गटाच्या नावावर एक घेऊन पाच जणींनी पाळीने वापरा.

पैशांचं एक सांगून टाकते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाबरोबर साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने कर्जाची सोय ठेवलेली आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. म्हणजे नवऱ्याच्या नावाने अर्ज गेला असेल, तर तुमचा बसणार नाही, हे आधी घरात बोलून घ्या. पण व्हाउचर मिळणार म्हणून गरज नसलेलं मशीन आणू नका.

आता दुकानात. हात हलवत जाऊ नका. पिशवीत आपले चिंध्यांचे तुकडे न्या. टू बाय टू रुबियाचा एक, अस्तराचा एक, खणाचा किंवा सिल्कचा एक, जॉर्जेटचा एक आणि होजिअरीचा एक. दुकानदार मशीनवर लावून ठेवलेला कडक पांढरा तुकडा चालवून दाखवतो. त्यावर कोणतंही मशीन छान चालतं. तुम्ही तुमचा रुबिया चालवा. चुण्या पडल्या तर टाक्याचा ताण आणि दाब जुळवून परत चालवायला सांगा. होजिअरीची कड झालरीसारखी लाटांची झाली, तर विचारा, "डिफरन्शियल फीड आहे का?" म्हणजे कापड ढकलणारे पुढचे आणि मागचे दात वेगवेगळ्या गतीने चालवता येतात का. होजिअरीला ती गती एकाच्या वर ठेवली की लाटा जातात, आणि पातळ कापडाला एकाच्या खाली आणली की चुण्या जातात. फक्त सुती काम करणारीला ही सोय नसली तरी चालतं.

मग रुबिया दुमडून चार पदर करा आणि शिवणीवर शिवण येते तिथून मशीन न्या. तिथे टाका गाळला किंवा मशीन अडलं, तर गाऊनच्या बगलेतही तेच होणार. टाका उलटून बघा. वरच्या आणि खालच्या लूपरचे दोरे अगदी कडेवर भेटले पाहिजेत. वरचा दोरा खालच्या बाजूला दिसत असेल, तर वरचा ताण ढिला आहे किंवा खालचा जास्त घट्ट आहे. ते जुळवून दाखवायला लावा. तुमच्यासमोर जुळत नसेल, तर घरी तुम्ही एकट्या काय जुळवणार?

सुईबद्दल नक्की विचारा. काही घरगुती मशीनला आपली नेहमीची, एका बाजूने चपटी सुई चालते. ती कुठल्याही गावात मिळते. कारखान्याच्या मशीनची सुई वेगळी असते आणि दोन्ही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. तुमच्या तालुक्यात कोणती मिळते, ते बघून ठरवा. तसंच पातं आणि लूपर. मशीन दुरुस्त करणारा माणूस कोण, किती लांब राहतो, घरी येतो का, आणि हे मॉडेल त्याने कधी उघडलंय का, हे पैसे देण्याआधी त्या माणसालाच फोन करून विचारा. दुकानदाराच्या तोंडून नको. ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त मिळालेलं मशीन लूपर वाकला म्हणून पावसाळाभर बंद पडलेलं मी पाहिलं आहे.

आणि शेवटी, दोरे सगळे काढायला लावा आणि स्वतःच्या हाताने परत ओवा. निघण्याची घाई करू नका. पुष्कळ बायका इथेच घाबरतात आणि मग दोरा तुटला की मशीन झाकून ठेवतात. आधी वरचा लूपर, मग खालचा, आणि सुई सगळ्यात शेवटी, हा क्रम धरला की गुंता होत नाही. रंग बदलताना तर सगळं ओवायचंही नाही. जुना दोरा रिळापाशी कापा, नव्याला गाठ मारा आणि हळूहळू ओढून घ्या. सुईपाशी मात्र गाठ कापून हाताने ओवा, कारण नेढ्यातून ती जात नाही. तिन्ही रिळं एकाच रंगाची लागतात असंही नाही. सुईचा दोरा कापडाच्या रंगाचा ठेवा, लूपरला जवळपासचा चालतो. पांढरा, काळा आणि एक मातकट, एवढ्यांत पुष्कळ निभावतं.

घरी आणल्यावर टाचण्या काढल्याशिवाय कापड आत घालू नका. पात्यावर टाचणी आली की पातं गेलं. तेल मशीनचंच घाला, खोबरेल नको. रोज ब्रशने आतली लव झाडा. आणि घरात रांगतं मूल असेल, तर उठताना प्लग काढून उठा.

येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता आपल्या गटाच्या बैठकीत एक तीन धाग्यांचं मशीन उघडून ठेवणार आहोत. ज्यांना दोरा ओवून बघायचाय त्यांनी या, आणि आपापले चिंध्यांचे तुकडे घेऊन या. नमस्कार.