संध्याकाळचे २०८, रात्रीचे २४६

(एपिसोडचा मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

हेडफोन असतील तर घाला, कारण सुरुवातीलाच दोन क्लिप ऐकवतोय.

(इथे दोन क्लिप वाजतात.)

ऐकलंत? गिटार तीच, ॲम्प तोच, वायर तीच. नॉब हलू नयेत म्हणून त्यांच्यावर मी चिकटपट्टी मारली होती. पहिली क्लिप संध्याकाळी साडेसातची, दुसरी रात्री पावणेदोनची. पहिलीत आवाज कसा जाडसर, थोडा फाटलेला, पण गोड फाटलेला. दुसरीत तोच कॉर्ड टोचतो. आमच्या गाण्याची अर्धी गिटार संध्याकाळी रेकॉर्ड झाली, अर्धी रात्री, आणि मिक्स करताना दोन वेगळी माणसं वाजवतायत असं वाटायला लागलं. आठवडाभर मी माझ्या बोटांना दोष दिला. मग तारा बदलल्या. मग कानात मळ झालाय का तेही पाहून आलो. हसू नका.

ॲम्प म्हणजे पंधरा वॉटचा, सेकंड हँड, ट्यूबवाला. आपल्या आजोबांच्या भाषेत व्हॉल्व्हवाला. पहिल्या नोकरीचे पाच-सहा पगार त्यात गेलेत, त्यामुळे घरात त्याचा विषय निघाला की आई आधी किंमत काढते.

उत्तर मिळालं ते आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांकडून. ठाकुर्लीकरांना चोळ्याचं पॉवर हाऊस माहीत असेल. रेल्वेचं वीजघर. १९२९ च्या आसपास मुंबई-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या धावायला लागल्या, तेव्हापासूनची ही गोष्ट. म्हणजे गाड्यांना लागणारी वीज आपल्या गावात तयार व्हायची. काका तिथे कामाला होते. रॉक त्यांना अजिबात आवडत नाही. माझ्या रात्रीच्या वाजवण्याबद्दल बोलायलाच ते आले होते खरं तर.

मी त्यांना म्हटलं, "काका, रात्री आवाज कर्कश होतो हो, कळत नाही का ते."

ते म्हणाले, "अरे, रात्री व्होल्टेज किती असतं बघितलंस का? मीटर आण."

मीटर नव्हता. दुसऱ्या दिवशी साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. संध्याकाळी आमच्या प्लगला २०८ व्होल्ट. मे महिना, सगळ्या बिल्डिंगचे एसी चालू, लिफ्ट, पंप, सगळंच. रात्री दोनला लोड उतरल्यावर २४६. कागदावर आपल्याकडे २३० म्हणतात. तो आकडा मला दोन्ही वेळेला दिसला नाही.

आता हे ट्यूबला का कळतं आणि तुमच्या मोबाइलच्या चार्जरला का कळत नाही? चार्जरच्या आत सर्किट असतं, बाहेर काहीही असो, ते ठरलेले व्होल्ट देतं. डिजिटल मॉडेलर, पेडल, लॅपटॉप, सगळं तसंच. ट्यूब ॲम्पमध्ये मात्र बहुतेक वेळा नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतलं व्होल्टेज दहा टक्के चढलं की आतलं सगळं दहा टक्के चढतं. ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात, तेही चढतं. प्लेटवरचे तीनशे-साडेतीनशे व्होल्ट तेही.

प्लेटचं व्होल्टेज कमी असलं की ट्यूबला हातपाय पसरायला जागा कमी. जोरात कॉर्ड मारला की सिग्नल लवकर छताला टेकतो, त्याची टोकं कापली जातात, तोच तो गोड फाटलेला आवाज. व्होल्टेज जास्त, तर जागा जास्त, आवाज स्वच्छ आणि कडक. गंमत म्हणजे मोठेपणात फारसा फरक नाही. २०८ आणि २४६ मध्ये ताकदीचा फरक हिशोबाने जेमतेम दीड डेसिबल. म्हणून तो "आवाज वाढला" असा कळत नाही, "मूड बदलला" असा कळतो.

एडी व्हॅन हेलनने हेच मुद्दाम केलं. १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या काळात त्याच्या मार्शल ॲम्पला अमेरिकेतल्या १२० ऐवजी ९० च्या आसपास व्होल्ट मिळायचे, मध्ये व्हेरिॲक लावून. आणि मुलाखतीत मात्र त्याने सांगितलं की मी व्होल्टेज वाढवतो! ते ऐकून पोरांनी आपापले ॲम्प जाळले. मला विचाराल तर गिटारवाल्यांच्या इतिहासातली ही सगळ्यात महागडी थाप.

मीही जाळायच्या बेतात होतो, तेही नकळत. काकांनी टॉर्च घेऊन ॲम्पची मागची बाजू पाहिली. तिथे सिलेक्टर होता, ११०, २२०, २४०. आणि तो २२० वर. म्हणजे रात्री २२० च्या जागी २४६ मिळत होते. फिलामेंटला ६.३ ऐवजी सात. आउटपुटच्या ईएल-८४ ट्यूब, ज्यांची प्लेट १२ वॉट उष्णता सोसू शकते, त्यांच्यावर साधारण पाव हिस्सा जास्तीचा भार. दिवा बंद करून पाहिलं, तर एका ट्यूबची प्लेट मंद लाल दिसत होती. फिलामेंटचा नारिंगी उजेड वेगळा, तो असतोच. पण बाहेरचा करडा पत्राच लाल झाला तर ॲम्प ताबडतोब बंद करायचा.

मग सिलेक्टर २४० वर टाकला. रात्री एकदम बरोबर, फिलामेंट साडेसहाच्या खाली. पण संध्याकाळी २०८ ला तेच साडेपाचच्याही खाली. ट्यूबला दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, हे तेरा टक्के खाली. आवाज मेणचट. आणि सतत कमी तापलेली ट्यूबही लवकर म्हातारी होते.

म्हणजे मला हवा होता तो आवाज २२० च्या सेटिंगला २०८ व्होल्ट, हाच. नशिबाने जमून आलेला. फिलामेंट तिथे सहाच्या जवळ, चालण्यासारखं. तो रात्री कसा आणायचा? काका म्हणाले, "डिमरस्टॅट लाव."

इंजिनीअरिंगवाल्यांनो, लॅबमधला तोच काळा गोल नॉब. व्हेरिॲक म्हणजे तेच. मी लॅमिंग्टन रोडवरून जुना आणला. सिलेक्टर २२०, रात्री डिमरस्टॅटवर २१०, मीटर समोर. पण दोन गोष्टी नीट ऐका. हा स्टॅबिलायझर नाही. भिंतीतलं चढलं की ह्याचंही चढतं, म्हणून वाजवताना मधून मधून मीटर बघावा लागतो. आणि ह्याचा नॉब २७० पर्यंत जातो, कुणाचा धक्का लागला की संपलं. मी तिथे लाकडाचा अडथळा स्क्रूने बसवलाय. फ्रिजचा रिले स्टॅबिलायझरही लावून पाहिला होता. तो सोलोच्या मध्येच टक्‌ करून पायरी बदलतो आणि टोनही.

आणि ॲम्प उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे-साडेतीनशे व्होल्ट बसून राहू शकतात. मीटर लावायचा तो फक्त प्लगला, तोही कुणी जाणतं शेजारी उभं असताना.

लाल झालेली ट्यूब बदलावी लागली. जोडीनेच बदलतात, म्हणून खर्चही जोडीचा. आईला आकडा अजून सांगितलेला नाही.

आता तिसरी क्लिप, रात्री पावणेदोनचीच, पण २१० वर. स्पीकरसमोर दोन गाद्या उभ्या केल्यात, काकांची अट होती.

(क्लिप वाजते.)