साक्षी मोजायच्या की तोलायच्या?



शोधनिबंध लिहिताना अनेक साधनांतली माहिती एकत्र कशी आणावी, हा आजचा विषय वर्गाच्या चार भिंतींतला वाटेल, पण त्याचे धागे बाहेरही लांबवर गेलेले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा निबंध उघडला की बहुतेक वेळा एक ठरलेली चाल दिसते. पहिला परिच्छेद एका ग्रंथकाराचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा. प्रत्येकाची सुरुवात ‘अमुक यांच्या मते’ अशी, आणि शेवटी ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणून एक गुळगुळीत निष्कर्ष. पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेली माणसे एकमेकांशी चकार शब्द न बोलता जेवून उठावीत, तसे हे ग्रंथकार निबंधातून उठून जातात. मला असे म्हणायचे आहे की साधने शेजारी शेजारी मांडल्याने ती एकत्र येत नाहीत. कोणाला माहिती स्वतःहून होती, कोण दुसऱ्याचे ऐकून बोलतो आहे, कोणी कशासाठी लिहिले, हे त्यांच्यातले नाते उलगडले तरच ती एकत्र येतात. ते नाते कळेपर्यंत साक्षी मोजता येतात, तोलता येत नाहीत.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगितले तर कोणीही मान डोलावेल, म्हणून आपल्या ओळखीचा एक वाद घेऊ: शिवाजी महाराजांची जन्मतिथी. विसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या विद्यार्थ्याने यावर निबंध लिहिला असता तर त्याच्यापुढे चित्र अगदी स्वच्छ होते. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर शके १५४९ चा वैशाख सांगते, म्हणजे १६२७. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात १६२७. त्यानंतरची चरित्रे आणि शाळेची पुस्तके, सगळीकडे १६२७. दहा पुस्तके एका सुरात बोलत असताना शंका घेणारा माणूस तऱ्हेवाईकच ठरला असता. पण या दहांची वंशावळ काढून पाहा. चिटणिसांनी बखर लिहिली ती साताऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे जन्माला पावणेदोनशे वर्षे उलटल्यावर. ग्रँट डफ साताऱ्यातच होता आणि चिटणिसांचे लेखन त्याच्या साधनांत होते. पुढच्या बहुतेकांनी यांतल्या एकाला किंवा दोघांना प्रमाण मानले. मग दहा साक्षी उरतात किती? फार तर दीड. उरलेल्या साक्षी म्हणजे एकाच आवाजाचे दरीतून परत आलेले पडसाद. जो निबंध या दहांची नावे तळटीपांत ओळीने देतो तो अभ्यासू दिसतो, पण त्याने एकाच माणसाला दहा वेळा साक्षीला उभे केलेले असते.

आता दुसरी बाजू पाहू. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे शकवार नोंदींचा कागद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शिवजयंतीचा उत्सव ज्यांनी सार्वजनिक केला, त्यांच्याच हातून रूढ तिथीला धक्का देणारा कागद बाहेर यावा, हे मला फार मोलाचे वाटते. शकावलीत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. इसवी सनात ती १९ फेब्रुवारी १६३० येते. ही एकच नोंद होती तोवर ‘एका घराण्याचा कागद’ म्हणून ती बाजूला सारता आली असती. पण पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात कवींद्र परमानंदाचे संस्कृत ‘शिवभारत’ सदाशिव महादेव दिवेकर यांना सापडले आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी होता. त्याच्या काव्यातही शके १५५१ च्या फाल्गुनातली कृष्ण तृतीयाच आहे. एक मावळातल्या देशमुखाच्या घरचा रूक्ष टिपणवजा कागद, दुसरे दरबारी महाकाव्य. एक मराठी, एक संस्कृत. एक भोरच्या डोंगरात जपलेला, दुसरे कावेरीकाठी. काव्य प्रसिद्ध होण्याच्या अकरा वर्षे आधी शकावली छापून झालेली होती, त्यामुळे काव्य पाहून शकावली कोणी सजवली, असे म्हणायला जागा नाही. ही दोनच साधने मागच्या दहांपेक्षा जड का, याचे उत्तर ती जुनी आहेत एवढेच नाही. ती एकमेकांपासून दूर वाढलेली असूनही तिथीपर्यंत जुळतात, यात त्यांचे वजन आहे.

याच वादातली तिसरी साक्ष विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त शिकवणारी आहे. जोधपूरच्या एका जुन्या ज्योतिषसंग्रहात महाराजांची कुंडली मिळाली: संवत १६८६, फाल्गुन वदि ३, शुक्रवार. घाईत लिहिणारा इथे आनंदाने तिसरी रेघ ओढेल आणि तीन विरुद्ध शून्य असा निकाल देईल. पण जरा थांबायला हवे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे उत्तरेचा फाल्गुन वद्य पक्ष आपल्या माघ वद्यात येतो. कुंडलीतली तिथी उत्तरेच्या रीतीने वाचली तर ती आपल्या तिथीच्या एक महिना आधी पडते, आणि मग जुळलेले सगळे विस्कटते. सोडवणूक वाराने होते. गणित केले तर शुक्रवार आपल्या फाल्गुन वद्य तृतीयेला येतो, महिनाभर आधीच्या तृतीयेला येत नाही. कुंडलीतला सूर्यही कुंभेत आहे, तो आपल्याच गणनेला धरून. म्हणजे तिथी जुळली खरी, पण जुळण्यातूनच आणखी एक गोष्ट कळली: राजस्थानातल्या कागदावर महिना मात्र दक्षिणेचा आहे. ही माहिती महाराष्ट्राकडूनच तिकडे गेली असावी. ती खोटी ठरत नाही; पण ‘राजस्थानची स्वतंत्र साक्ष’ असा तिचा डौल थोडा उतरतो. आधार मिळाला, आणि तो किती ताणता येईल याची मर्यादाही मिळाली. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सांगता येणे, याला मी साधने एकत्र आणणे म्हणतो.

याच्या उलट, जिथे वाद दिसतो तिथे कधीकधी वाद नसतोच. एका पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० आहे, दुसऱ्यात १ मार्च १६३०. विद्यार्थी लिहून मोकळा होतो की ‘तारखेबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत’. मतभेद कसले? पहिली तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली, दुसरी ग्रेगोरियन. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. दिवस तोच, शुक्रवारही तोच. ‘मतभेद आहेत’ हे वाक्य आपल्या निबंधांतली सर्वांत आळशी सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मतभेद असतील तर ते कुठून निघाले हे सांगा, नसतील तर ते मिटवा. नुसती नोंद करून पुढे जाणे म्हणजे वाचकाच्या हातात गाठ देऊन आपण निघून जाणे.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की जेधे शकावलीची उपलब्ध प्रत नंतरची नक्कल आहे, नक्कल करणाऱ्याने तिथी घुसडली नसेल कशावरून? हा आक्षेप निबंधात लपवू नये, उघड मांडावा आणि मग विचारावे: उत्तरकाळातला माणूस तिथी घुसडताना त्याच्या काळी चालत असलेली तिथी सोडून भलतीच का घालेल? तीही अशी की वार आणि नक्षत्रासकट पंचांगाला उतरावी, आणि दूर तंजावरात पडून असलेल्या काव्याशी जुळावी? परमानंद स्तुतिपाठक होता, त्याचे काय धरायचे, असेही म्हणतात. स्तुती विशेषणांत शिरते, पराक्रमाच्या वर्णनात शिरते. पण जन्मवर्ष दोन-तीन वर्षांनी इकडे-तिकडे करून त्याला काय मिळणार होते? प्रत्येक साधन ज्या कामासाठी लिहिले गेले त्या कामात ते तिरपे असते, बाकी बाबतीत पुष्कळदा सरळ असते. दरबारी काव्य शत्रूच्या मृतांचा आकडा सांगते तेव्हा सावध राहावे, तिथी सांगते तेव्हा कान द्यावा.

दुसरा आक्षेप वर्गातून येतो. बावीस वर्षांच्या मुलाकडे पंधरवडा आहे, ग्रंथालयात मोजकी पुस्तके आहेत. त्याने काय राजवाडे व्हायचे? नाही. राजवाड्यांनी इतिहासाची साधने खंडांमागून खंड छापली, त्यासाठी गावोगाव पायपीट केली. ते सगळ्यांना जमणारे नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण हाताशी असलेल्या पाच पुस्तकांपैकी कोणते कोणावर उभे आहे, एवढे पाहायला पायपीट लागत नाही, प्रस्तावना आणि तळटीपा लागतात. आपल्याकडे नेमक्या त्याच वाचल्या जात नाहीत. आणि परिच्छेद ग्रंथकाराच्या नावाने सुरू करण्याऐवजी प्रश्नाने सुरू केला, ‘जन्माच्या किती जवळची नोंद मिळते?’ असा, तर अर्धे काम तिथेच होते. मग चिटणीस आणि जेधे एकाच परिच्छेदात समोरासमोर येतात, त्यांना एकमेकांशी बोलावेच लागते. क्रियापदही मग आपोआप बदलते: ‘म्हणतात’ सगळ्यांना सारखे लावता येत नाही. शकावली नोंदवते, बखर सांगते, ग्रँट डफ उचलतो, कुंडली दुजोरा देते. ज्याचे क्रियापद नेमके, त्याने साधन वाचले आहे असे समजावे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत विचार करायला लावतो. लेखकाने असे तोलत बसणे हाच पक्षपात नाही का? सर्व मते तटस्थपणे मांडून निर्णय वाचकावर का सोडू नये? तटस्थपणाचा हा आग्रह वरवर नम्र वाटतो, पण पडसादाला आणि मूळ आवाजाला सारखी जागा दिली की निर्णय आधीच झालेला असतो, संख्येच्या बाजूने. वजन न सांगणे हेही वजन टाकणेच असते, फक्त हात लपवून. तोलायचेच आहे तर तराजू वाचकासमोर धरावा, म्हणजे त्याला दांडी चुकीची वाटली तर ती दाखवता येईल. १९६६ मध्ये राज्य शासनाने या तिथीसाठी इतिहासकारांची समिती नेमली, तेव्हा नामवंत अभ्यासक तेच कागद समोर ठेवून बसले आणि तरीही त्यांचे एकमत झाले नाही. आज शासकीय सुट्टी १९ फेब्रुवारीची आहे. पण या विषयावर आज निबंध लिहिणाऱ्याने सुट्टीचा हवाला देऊन चालणार नाही. त्या समितीत १६२७ च्या बाजूने राहिलेला माणूस कोणत्या कागदाला किती वजन देत होता, हे त्याला एका परिच्छेदात तरी लिहावे लागेल, आणि तो परिच्छेद त्या माणसाने वाचला असता तर ‘होय, माझे म्हणणे हेच होते’ असे म्हणाला असता, इतक्या इमानाने लिहावे लागेल.