फुलोऱ्यापूर्वीचा शब्द



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पुष्कळदा भारदस्त विषय मांडले जातात. आमचा आजचा विषय मात्र कचेरीतला, दुकानातला, कारखान्यातला, रोजचा आहे. सोबत्याच्या कामातला दोष त्याला सांगावा कसा, आणि आपला दोष कोणी सांगितला तर तो ऐकावा कसा?

प्रथम आमचीच चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी आमच्या हाताखाली एक तरुण कारकून होता. अक्षर सुरेख, हिशेब चोख. पण खेड्यातून आलेल्या माणसाशी तुसडेपणाने बोले. आम्ही ते रोज पाहत होतो. पण भीड पडली. आज बोलू, उद्या बोलू, असे करता करता वर्ष सरले. मार्चअखेर गोपनीय अहवालात मात्र आम्ही ‘साधारण’ असा शेरा मारून मोकळे झालो! उघड प्रतिकूल शेरा कळवीत असत. ‘साधारण’ हा त्यात गणला जात नसे, म्हणून तो कळविलाही गेला नाही. पुढे बढतीच्या यादीतून त्याचे नाव गळले, तेव्हा त्याला तो समजला. तो आमच्यापुढे येऊन इतकेच म्हणाला, “साहेब, तेव्हाच बोलला असतात तर?” आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

असेच एक प्रकरण २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. एका अभियंत्यास बढतीसाठी ‘फार चांगला’ हा शेरा हवा होता. एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला, आणि तो त्याला कळविलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की, शेरा बरा असो वा वाईट, तो ज्याचा त्याला कळलाच पाहिजे; म्हणजे त्याला काम सुधारता येईल, नाही तर दाद मागता येईल. न्याय झाला, उत्तम झाले. पण कायदा कागद पोहोचवील; वेळेवरचा शब्द आपल्यालाच पोहोचवावा लागतो.

ही वेळ कोणती, हे जालन्याच्या माणसाला शिकवायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर तपासनीस कसा येतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. कापणीला येऊन ‘बियाणे भेसळ निघाले’ असे सांगण्यात त्याचे काम संपत नाही. तो फुलोऱ्यापूर्वी येतो, ओळीतून चालतो, आणि वेगळ्या जातीच्या झाडाजवळ थांबून म्हणतो, “हे उपटा.” त्या झाडाचे पराग उडाले की मग उपटून काय उपयोग? शेजारच्या झाडांत भेसळ होऊन चुकलेली असते. आमचा शेरा हा कापणीनंतरचा शेरा होता. त्यात खरेपणा होता, उपयोग नव्हता.

त्या तपासनिसाकडून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तो ‘तुमची शेतीच वाईट’ असे म्हणत नाही. झाडावर बोट ठेवतो. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ साली झाला. त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला आहे. तेथे अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, हे त्यांनी हाताला धरून शिकवावे तसे सांगितले आहे. ‘तुझे अक्षर गचाळ’ एवढे ऐकून कोणाचे अक्षर सुधारले आहे? आम्ही त्या कारकुनाला एकांतात बोलावून एवढेच सांगावयास हवे होते: “काल सातबारासाठी आलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही तीनदा परत पाठविले. कोणते कागद हवेत, ते पहिल्याच खेपेला लिहून देत चला.” यात त्याचा अपमान नव्हता, आणि उद्यापासून काय करावयाचे तेही त्याला कळले असते.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. त्याचे काम अधिक कठीण! उपटावयाचे झाड पुष्कळदा इतरांहून उंच आणि टवटवीत असते. शेतकऱ्याचा हात अडखळतो. आपले दोषही आपल्याला असेच टवटवीत दिसतात. तुसडेपणाला आपण ‘स्पष्टवक्तेपणा’ म्हणतो, दिरंगाईला ‘काळजीपूर्वक काम’ म्हणतो. म्हणून कोणी दोष दाखविला की लगेच सफाई देऊ नये. आधी विचारावे, “कोणते झाड? दाखवा.” दाखविता आले तर उपटावे. दाखविता आले नाही, तर नम्रपणे तसे सांगण्याचा आपल्यालाही हक्क आहे. कारण तपासनीसही चुकतो. आणि वरिष्ठांनी हे विसरू नये की, हाताखालचा माणूसही त्यांच्या शेतातले झाड दाखवू शकतो. त्याला तसे बोलता येईल असे वातावरण ठेवणे, हे वरिष्ठांचेच काम आहे.

बंधुभगिनींनो, भीड ही आपल्याकडे सभ्यता समजली जाते. पण जी भीड माणसाला अंधारात ठेवून त्याचे नुकसान करते, तिला आम्ही सभ्यता म्हणणार नाही. तो आमचा आळस होता, आणि थोडी भीतीही होती. उद्या सकाळी कामावर जाल तेव्हा ज्याला सांगावयाचे राहून गेले आहे, त्याला बाजूला घेऊन, प्रेमाने, फुलोऱ्यापूर्वी सांगा. या भाषणात जे दोष दिसले असतील, तेही सभा संपताच आम्हांस सांगावेत. आम्ही थांबलो आहोत.