रस्ता कोणी केला?



‘आपल्या जिल्ह्यातील रस्ते’ हा विषय मला मिळाला तेव्हा एका स्नेह्याने विचारले, “हे काम इंजिनिअरचे, युनियनवाल्याचा इथे काय संबंध?” मी शाळेत फार शिकलेला माणूस नव्हे. पण रस्ता खडी, मुरूम आणि माणूस यांचा होतो, आणि या तिसऱ्याविषयी बोलणारे थोडे, एवढे मला ठाऊक आहे.

जालना जिल्हा रस्त्याला सोपा नाही. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे आणि पूर्णा, केळना या नद्या. तेथे पुलावाचून रस्ता म्हणजे आठ महिन्यांचा रस्ता! दक्षिणेस अंबड-परतूरकडे काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर फोडते. म्हणून खाली मुरमाचा थर, त्यावर दबाई, आणि दोन्ही बाजूंच्या चाऱ्या मोकळ्या हव्यात. चारी बुजली की रस्ता गेलाच.

आगगाडी आपल्याकडे १९०० साली आली. खेड्यांच्या वाटांना खडी मिळाली ती बरीचशी १९७२ च्या दुष्काळी कामांत. शेतकरी आणि मजूर, बाया आणि पुरुष, सारे एका रांगेत खडी फोडायला बसले. पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप आले. मुकादम खोटी हजेरी लावीत, ते निराळे; पण हजेरीपट होता, भांडायला कागद होता.

आता काम ठेकेदाराचे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो, मात्र शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला त्यावर मज्जाव आहे. त्याच कामावर शहापूरजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये पुलाच्या तुळया चढवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. लांब कशाला जायचे? आपल्याच जाफराबाद तालुक्यात पासोडी येथे २२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, पुलाच्या कामावरचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये झोपले असता टिप्परने त्यावर वाळू ओतली. पाच जण जागीच दबून मेले.

बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ साली झाला. मालकाने कामाच्या जागी फुकट निवारा द्यावा, स्वयंपाकाची, न्हाण्याची, शौचाची सोय वेगळी करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. निवारा म्हणजे वाळूच्या ढिगाशेजारचे चार पत्रे काय? बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक उपकरही त्याच वर्षी बसला. तो पैसा कामगारांच्या कल्याणाचा. पण मंडळात नाव घालायला मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागत आला आहे. आज या पुलावर, उद्या त्या मोरीवर हिंडणाऱ्याने तो कोणापाशी मागावा? ठेकेदार तर त्याला आपला माणूसच म्हणत नाही.

समोर काही ठेकेदार बसले आहेत, काही ग्रामसेवकही दिसतात. पावसाळा दोन महिन्यांवर आला. कामे मिटतील, मजूर आपापल्या मुलखाला परततील. तो दाखला त्यांच्या हाती त्याआधी पडला पाहिजे.