भिंत आधी, रंग मागून

नवे घर बांधून होत आले की घरात एक नवाच वाद सुरू होतो. पाया, चिरा, छप्पर यांविषयी गवंड्याचा शब्द निमूटपणे मानणारी माणसे रंगाचा प्रश्न निघताच पंडित होतात. मुले नमुन्यांचे पुस्तक घेऊन बसतात, गृहिणी शेजारच्या ओसरीचा दाखला देते, आणि आजी पांढऱ्या चुन्याचा आग्रह धरते. या वादात एका पक्षाचे म्हणणे मात्र कोणीच ऐकून घेत नाही. तो पक्ष म्हणजे खुद्द भिंत.

आमचे घर गोव्यातले, चिऱ्याचे. वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखातला आणि गिलावा पुरा झाला चैत्रात. पाहुण्यांसमोर घर कोरे दिसू नये म्हणून आम्ही तीनच आठवड्यांत भिंतींना तेलाचा रंग देवविला. आईच्या खोलीला तर खास शुभ्र रंग. भिंत, चौकट, उंबरठा, सारे एकजात पांढरे. श्रावणात त्या भिंतीला फोड आले आणि भाद्रपदात पापुद्रे गळू लागले. दोष रंगाऱ्याचा नव्हता. घाई आमची होती.

कारण साधे आहे. नव्या गिलाव्यात पाणी असते आणि तीव्र क्षारही असतो. तेल आणि क्षार एकत्र आले की त्यांचा साबण होतो. आत कोंडलेली ओल बाहेर येऊ पाहते, तिच्याबरोबर मीठ येते, आणि भिंतीला लोणा लागतो. म्हणून गिलाव्यावर प्लॅस्टिकचा एक हातभर तुकडा चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले, तर भिंत अजून तयार नाही असे समजावे.

तोवर घर उघडेबोडके ठेवावे लागते असे मात्र नाही. चुन्याची सफेदी ओल कोंडून धरीत नाही. उलट हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून ती स्वतःच कठीण होत जाते. तीत पिवडी किंवा काव मिसळली, तर हे मातीचे रंग वर्षानुवर्षे टिकतात. सर्वच रंग टिकत नाहीत. प्रशियन निळा चुन्यात मिसळला तर विटून तपकिरी पडतो. शिवाय चुन्यातला रंग ओला असताना गडद दिसतो व वाळल्यावर पुष्कळ फिका होतो. तेव्हा कोपऱ्यात हातभर जागा रंगवून, ती सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात पाहूनच निर्णय घ्यावा. पणजीच्या फोंताइन्हासमधली पिवळी, तांबडी, निळी घरे डोळ्यांना सुखवितात. परंतु बाहेर उन्हात शोभणारा तो गडद रंग लहान खिडकीच्या खोलीत अंधार करतो, हेही ध्यानात असावे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही आईची खोली खरवडून घेतली. या वेळी मी तिला विचारले, 'रंग कोणता देऊ?' ती म्हणाली, 'भिंतीला कोणताही दे रे. पण मला उंबरठा दिसू दे.' मी चपापलो. पावसाळाभर ती भिंतीला हात लावून चालत होती, आणि ती थकली आहे एवढीच आमची समजूत होती. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते, आत पोचणारा उजेड कमी होतो, फिक्या छटांमधले अंतर कळेनासे होते. पांढऱ्या भिंतीत पांढरा उंबरठा तिला दिसतच नव्हता.

आता त्या खोलीच्या भिंतींना पिवडी घातलेला फिका चुना आहे, चौकट व उंबरठा कावेच्या गडद तांबड्या रंगाचे आहेत. पाहुणे या खोलीची वाखाणणी करीत नाहीत. आई मात्र रात्री दिवा लावून, भिंतीला हात न लावता बाहेर येते. आपण घर रंगवाल, तेव्हा नमुन्यांचे पुस्तक उघडण्यापूर्वी भिंत वाळली का ते पाहा, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला एकदा विचारा.