'वेडा' हा शब्द आणि उपचाराचा हक्क



लोधिवलीजवळून मुंबई-पुणे जुना महामार्ग जातो. अशा रस्त्यांच्या कडेने जटा वाढलेला, स्वतःशीच पुटपुटत चाललेला माणूस अधूनमधून दिसतो. 'वेडा आहे' एवढे म्हणून समाज मोकळा होतो. निदान, न्यायनिवाडा आणि शिक्षा ही तिन्ही कामे त्या एका शब्दात उरकली जातात.

वस्तुतः 'वेड' हे कोणत्याही रोगाचे नाव नव्हे. वैद्यक स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार, तीव्र नैराश्य अशी निरनिराळी निदाने करते. 'मनोविकलता' ही कायद्याची संज्ञा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे ८४ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम एवढेच पाहते की, कृत्य करताना त्याचे स्वरूप वा त्यातील गैरपणा समजण्याची क्षमता आरोपीला होती काय. रुग्ण असूनही माणूस कायद्याने जबाबदार ठरू शकतो, तो यामुळेच.

उपचार आहेत. १९५२ पासून मनोविकारविरोधी औषधे वापरात आली. समुपदेशन, मानसोपचार, भूल देऊन केलेले विद्युतउपचार आणि पुनर्वसन यांची त्यांना जोड मिळाली. याचा पुरावा कर्जतलाच आहे. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये 'श्रद्धा' संस्था स्थापन केली. रस्त्यावरील मनोरुग्णांवर कर्जतच्या केंद्रात उपचार होतात. बरा होऊ लागलेला रुग्ण आपले नाव-गाव सांगतो आणि त्याला घरी पोहोचवले जाते. असे हजारो लोक स्वगृही परतले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परंतु एका संस्थेची करुणा ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड निषिद्ध ठरवले आणि उपचार हा हक्क मानला. निराधार भटकणाऱ्या रुग्णाला कोठडीत न डांबता २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे, हे पोलिसांचे कर्तव्य ठरले.

हातावर पोट असणाऱ्याला दरमहा ठाणे किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायचे म्हणजे मजुरी बुडवावी लागते. मजुरी बुडते म्हणून औषध बंद पडते, आजार उलटतो आणि घर भगताकडे वळते. तेव्हा त्या कुटुंबाला अडाणी म्हणण्यापूर्वी, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ही औषधे नियमित मिळतात काय, हे कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे. मिळत नसतील तर तो मोर्च्याचा विषय आहे.