जोन क्रॉफर्ड आणि तिची दत्तक कन्या

१९७७ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस जोन क्रॉफर्ड ही अमेरिकन नटी न्यूयॉर्क शहरीं निवर्तली. तिचें मृत्युपत्र उघडलें तेव्हां त्यांत एक कलम असें निघालें कीं, आपला मुलगा व थोरली मुलगी क्रिस्टिना यांच्यासाठीं आपण कांहीं ठेवीत नाहीं, आणि त्याचीं कारणें त्या दोघांस चांगलीं ठाऊक आहेत. धाकट्या जुळ्या मुलींस मात्र प्रत्येकीं ७७,५०० डॉलर ठेवलेले होते. चारही मुलें दत्तक घेतलेलीं. पुढच्याच वर्षीं क्रिस्टिनानें ‘मॉमी डिअरेस्ट’, म्हणजे ‘परमप्रिय आई’, या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि बाळपणीं या आईनें आपला कसा छळ मांडला होता तें जगापुढें ठेविलें.

नटनटींच्या घरांत आपण कशाला डोकावावें, असें कोणी म्हणेल. तें म्हणणें मला एरवीं मान्य आहे. परंतु येथें प्रश्न नटीपणाचा नाहीं. दुसऱ्याचें मूल आपलें म्हणून घरीं आणणारा माणूस त्या मुलाकडून मनांत काय अपेक्षितो, हा तो प्रश्न आहे.

जोनचें स्वतःचें बाळपण हलाखींत गेलें. टेक्सस संस्थानांतील सॅन अँटोनियो हें तिचें जन्मगांव. बाप घर सोडून गेलेला, आई धुलाईच्या कामावर पोट भरणारी. शिक्षणाच्या मोबदल्यांत पोरीनें शाळेंतच स्वयंपाक करावा, केर काढावा, बिछाने घालावे. तेथें आपणांस मार बसे, असें तिनें पुढें सांगितलें आहे. नाचाच्या जोरावर ती १९२५ सालीं हॉलिवुडांत पोंचली. लूसील लेस्यूर हें तिचें खरें नांव कंपनीला पसंत पडेना, तेव्हां एका मासिकानें वाचकांकडून नांवें मागविलीं व त्या स्पर्धेंतून ‘जोन क्रॉफर्ड’ हें नांव निघालें. ज्या बाईचें नांवसुद्धां प्रेक्षकांनीं ठेवलेलें, तिला प्रेक्षकांच्या नजरेबाहेर जगतां यावें कसें?

१९३८ सालीं चित्रगृहवाल्यांच्या एका संघानें जाहिरात देऊन, ज्यांच्या नांवावर तिकिटें खपत नाहींत अशा नटांत तिची गणना केली. १९३९ सालीं दुसरा विवाह मोडला. त्यानंतर १९४० सालीं तिनें क्रिस्टिनाला दत्तक घेतलें. एकट्या स्त्रीला कॅलिफोर्नियांत हें दुर्घट होतें, म्हणून दत्तविधान शेजारच्या नेवाडा संस्थानांत झालें. प्रथम तिनें त्या मुलीला स्वतःचेंच नांव दिलें होतें; क्रिस्टिना हें मागाहून ठेवलें. एका मुलाला घरीं आणल्यावर त्याची जन्मदात्री त्याला परत घेऊन गेली. मग दुसरा मुलगा आला, आणि १९४७ सालीं त्या जुळ्या मुली. एकसारखे पोशाख केलेली आई व मुलगी, अशीं छायाचित्रें मासिकांतून झळकूं लागलीं.

क्रिस्टिना सांगते कीं, वाढदिवसाला भेटींचा ढीग येई, पण त्यांतील एखाददुसरीच ठेवतां येई. बाकीच्यांबद्दल आभाराचीं पत्रें मात्र सुवाच्य अक्षरांत लिहावीं लागत. न खाल्लेलें ताट दुसऱ्या वेळेस पुन्हां पुढें येई. कपाटांत तारेचा हँगर दिसला म्हणून मध्यरात्रीं मार बसल्याची हकीकत तर जगभर पसरली. दहाएक वर्षांची झाल्यावर तिला निवासी शाळेंत धाडलें. उलट, धाकट्या जुळ्या बहिणींनीं हें सारें नाकारलें. आमची आई प्रेमळ होती, असें त्या सांगत राहिल्या. जोनची जुनी मैत्रीण मर्ना लॉय हिनेंही आईचाच पक्ष घेतला. आईची शिस्त कडक होती, हें मात्र जोननेंही कधीं लपविलें नाहीं. जें आपणांस मिळालें नाहीं तें मुलांस द्यावें, त्यांत शिस्तही आली, असा तिचा विचार होता.

मग खरें कोणाचें? पस्तीस वर्षें वर्गांत काढलेल्या मला एवढें ठाऊक आहे कीं, एकाच घरांतील थोरल्या व धाकट्या मुलांना एकच आई लाभते असें नाहीं. बहिणी खोटें बोलतात असें समजण्याचें कारण नाहीं, आणि क्रिस्टिना खोटें बोलते असेंही त्यावरून ठरत नाहीं. पाहुण्यांसमोर जें मूल अति शहाण्यासारखें वागतें, त्याची चौकशी शिक्षकानें थोडी अधिक करावी, हा माझा नियम होता. क्रिस्टिनाच्या छायाचित्रांतील तो नीटनेटकेपणा पाहून मला तोच आठवतो.

योगायोग असा कीं, ‘मिल्ड्रेड पिअर्स’ या १९४५ सालच्या चित्रपटांत कृतघ्न मुलीसाठीं हाडांचीं काडें करणाऱ्या आईचें काम जोननें केलें. त्याबद्दल १९४६ सालीं तिला ऑस्कर मिळालें. प्रकृतीचें निमित्त सांगून ती समारंभास गेली नाहीं. पुतळी घरीं आली आणि ती बिछान्यांत बसून स्वीकारतांनाचीं छायाचित्रें छापून आलीं. देणारी आई आणि उपकार विसरणारी मुलगी, ही जोडी लोकांच्या मनांत ठसली, आणि मला वाटतें, जोनच्याही मनांत ठसली असावी.

१९६८ सालची गोष्ट याहून बोलकी आहे. क्रिस्टिना तेव्हां दूरचित्रवाणीच्या एका मालिकेंत तरुण गृहिणीचें काम करीत होती. शस्त्रक्रियेसाठीं ती रुग्णालयांत गेली, तेव्हां तिच्या जागीं चार भागांत साठीच्या घरांतील आई उभी राहिली! मुलीची जागा राखण्यासाठीं मी गेलें, हें आईचें म्हणणें. मुलीला तें तसें वाटलें नाहीं. माराच्या हकीकतींना साक्षीदार थोडे. हा प्रकार मात्र साऱ्या देशानें पाहिला.

जोननें मुलांना घर दिलें, शाळा दिली, यांत शंका नाहीं. पण तें देणें ती हिशेबाच्या वहींत मांडून ठेवी, असें मृत्युपत्रावरून दिसतें. पोटच्या मुलाला उपकारांची याद देणारे आईबाप पुष्कळ आहेत. दत्तक मुलाला ती याद फार खोल लागते, कारण त्याला परत जावयास दुसरें दार नसतें.

त्या दोघां मुलांनीं मृत्युपत्राविरुद्ध दावा लावला. १९७९ सालीं तडजोड होऊन त्यांस ५५,००० डॉलर मिळाले. १९८१ सालीं पुस्तकावरून चित्रपट निघाला व जोनची भूमिका फे डनवे हिनें केली. प्रेक्षक तो चित्रपट पाहून हंसले. क्रिस्टिनाला तो मुळींच आवडला नाहीं.